डोमेन नोंदवताना घरचा पत्ता जगजाहीर होऊ नये म्हणून

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव, घेताना तुमचं नाव, पत्ता, फोन आणि ईमेल विचारतात. बहुतेक जण कुठल्याही ऑनलाइन खरेदीचा फॉर्म भरावा तसे ते रकाने घाईघाईत भरून मोकळे होतात. खरेदीसाठी दिलेला पत्ता विक्रेत्याकडे राहतो. डोमेनसाठी दिलेला पत्ता मात्र एका नोंदवहीत जातो, आणि ही नोंदवही कुणालाही उघडून पाहता यावी याच हेतूने सुरू झाली होती. हल्ली तिच्यातला बराचसा भाग झाकलेला असतो हे खरं. पण तो सगळ्यांचा, सगळ्या प्रकारच्या डोमेनवर आणि कायमचा झाकलेला असतो, या भरवशावर राहू नका.

घरातून छोटा उद्योग चालवणारं कुटुंब, छळ करणाऱ्या नवऱ्यापासून दूर राहणारी बाई, बलाढ्य लोकांविरुद्ध लिहिणारा पत्रकार, आजारपणाबद्दल टोपणनावाने लिहिणारा रुग्ण. यांच्या बाबतीत ही नोंद म्हणजे थेट दारापर्यंतची वाट ठरते. म्हणून हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणून पुढच्या गोष्टी शक्यतो दिलेल्या क्रमानेच करा. त्यातल्या काही डोमेन घेण्याआधी केल्या तरच उपयोगी पडतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. खोटी माहिती भरणं हा उपाय नाही. माहिती खरीच द्यायची, पण ती अशी निवडायची की उद्या ती उघड झाली तरी तिच्या आधाराने कुणी तुमच्या घरी पोहोचणार नाही. बाकी सगळं, म्हणजे नोंदीत तुमच्याऐवजी स्वतःचा पत्ता दाखवणारी प्रायव्हसी सेवा, झाकलेले रकाने, ही त्यावरची दुसरी भिंत. लोक नेमकं उलटं करतात. घरचा पत्ता देतात आणि मग एका बटणावर विसंबून राहतात.

नोंदवहीची थोडी ओळख

या नोंदवहीला हूइज म्हणतात. तिचं पहिलं तांत्रिक वर्णन १९८२ सालच्या आरएफसी ८१२ या दस्तऐवजात आहे. तेव्हा आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपावर, मोजके लोक होते, बहुतेक संशोधक आणि लष्करी प्रकल्पांवरचे. कुणाचं यंत्र बिघडलं तर कुणाला फोन करायचा हे कळावं म्हणून नाव, टपालाचा पत्ता, फोन आणि नेटवर्कवरची पेटी अशी ती यादी होती. त्या छोट्या वर्तुळात ते योग्यच होतं. पुढे इंटरनेट सगळ्यांचं झालं, पण यादीची पद्धत तीच राहिली. पोर्ट ४३ वर साधा मजकूर पाठवायचा आणि साधा मजकूर परत घ्यायचा. विचारणारा कोण, कशासाठी विचारतो, याची चौकशी नाही.

बदल झाला तो २५ मे २०१८ ला, युरोपचा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जीडीपीआर कायदा लागू झाला तेव्हा. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट नेट अशा सर्वसाधारण डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्याच दिवसापासून तात्पुरते नियम लागू केले आणि व्यक्तीचं नाव, रस्ता, फोन, ईमेल हे रकाने झाकले जाऊ लागले. त्याच दिवशी आयकॅनने जर्मनीतल्या एका रजिस्ट्रारविरुद्ध, म्हणजे लोकांना डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीविरुद्ध, बॉनच्या न्यायालयात धाव घेतली. तो रजिस्ट्रार मालकाखेरीज प्रशासकीय आणि तांत्रिक संपर्काची वेगळी माहिती गोळा करायलाच तयार नव्हता. न्यायालयाने काही दिवसांतच आयकॅनची मागणी नाकारली. जी माहिती लागतच नाही ती मागायची कशाला, हा मुद्दा तिथे टिकला. पुढे आलेल्या कायमच्या नियमांत, जे २१ ऑगस्ट २०२५ पासून बंधनकारक झाले, प्रशासकीय संपर्काचा रकाना उरलेलाच नाही.

जुन्या हूइजची जागा आता आरडॅप या नोंदी विचारण्याच्या नव्या पद्धतीने घेतली आहे. त्याचा पहिला मानक मसुदा २०१५ चा. २८ जानेवारी २०२५ पासून सर्वसाधारण डोमेनांसाठी हूइज चालवण्याचं बंधन संपलं. आरडॅपमध्ये विचारपूस एन्क्रिप्टेड जोडणीवरून होते आणि कोणाला किती दाखवायचं हे ठरवण्याची सोय आहे. बोलताना मात्र अजून सगळे हूइजच म्हणतात, मीही म्हणतो.

पहिली पायरी: आज काय दिसतंय ते पाहा

तुमच्याकडे आधीपासून डोमेन असेल तर इथूनच सुरुवात करा. आयकॅनच्या संकेतस्थळावर डोमेन शोधण्याचं मोफत पान आहे. तिथे नाव टाका आणि उत्तर शांतपणे, वरपासून खालपर्यंत वाचा. रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करून पाहू नका. तिथे तुम्हाला तुमची पूर्ण माहिती दिसणारच. बाहेरच्या माणसाला काय दिसतं ते पाहायचं आहे.

उत्तरात सर्वांत वर डोमेनचं नाव आणि स्थिती दाखवणारे शब्द असतात. त्यात क्लायंट ट्रान्स्फर प्रोहिबिटेड असं दिसलं तर चांगलं. डोमेन परस्पर दुसरीकडे हलवता येणार नाही असं कुलूप लागलेलं आहे. मग नेमसर्व्हर, म्हणजे या डोमेनची साइट आणि ईमेल कुठे आहेत हे सांगणारी यंत्रं, मग तारखा: नोंदणी कधी झाली, मुदत कधी संपते, शेवटचा बदल कधी झाला. या तारखा कुठल्याही सेवेने झाकल्या जात नाहीत. त्यानंतर रजिस्ट्रारचं नाव आणि गैरवापराची तक्रार करायचा ईमेल व फोन. तो रजिस्ट्रारचा असतो, तुमचा नव्हे. पुष्कळांना तो आपलाच नंबर उघडा पडलाय असं वाटून धडकी भरते.

खरी नजर रजिस्ट्रंट, म्हणजे डोमेनचा मालक, या भागावर ठेवा. नावापुढे, रस्त्यापुढे, फोनपुढे गोपनीयतेसाठी झाकले आहे अशा अर्थाचा मजकूर दिसला पाहिजे. ईमेलच्या जागी एखादा फॉर्मचा दुवा किंवा अगम्य अक्षरांचा पत्ता असेल. राज्य आणि देश बहुधा उघडेच असतात, ते नियमानेच. आता ऑर्गनायझेशन हा रकाना पाहा. इथे सर्वांत जास्त लोक फसतात.

ऑर्गनायझेशनचा रकाना संस्थेसाठी आहे आणि संस्थेचं नाव ही व्यक्तिगत माहिती नव्हे, असं गृहीत धरून तो प्रसिद्ध होऊ शकतो. एकट्याने काम करणारा माणूस तिथे आपलं संपूर्ण नाव टाकतो आणि बाकीचे रकाने झाकले तरी तेच नाव जगासमोर राहतं. दुसरा धोका मालकीचा. या रकान्यात जे लिहिलंय तीच डोमेनची मालक संस्था, असं आयकॅनचे नवे नियम धरतात. वेबसाइट बनवून देणाऱ्याने तिथे स्वतःच्या फर्मचं नाव टाकलं असेल तर उद्या भांडण झाल्यावर डोमेन कागदोपत्री त्याचं. तुम्ही व्यक्ती म्हणून डोमेन घेत असाल तर हा रकाना रिकामा सोडा. संस्था असेल तर तिचं नोंदणीकृत नाव टाका आणि ते दिसणार हे धरून चाला.

दुसरी पायरी: डोमेनचं शेपूट विचार करून निवडा

शेपूट म्हणजे नावाच्या शेवटचा डॉट कॉमसारखा भाग. आयकॅनचे नियम सर्वसाधारण डोमेनांपुरते. दोन अक्षरी देशवाचक डोमेनचे नियम त्या त्या देशाची रजिस्ट्री, म्हणजे ते शेपूट सांभाळणारी संस्था, ठरवते, आणि त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. कॅनडाच्या डॉट सीएने जून २००८ मध्येच व्यक्तींची माहिती झाकायला सुरुवात केली. फ्रान्सच्या डॉट एफआरमध्येही व्यक्तींची माहिती मुळातच झाकलेली असते. जर्मनीच्या डॉट डीईमध्ये २०१८ पासून मालकाची माहिती सार्वजनिक शोधात येत नाही. याउलट अमेरिकेच्या डॉट यूएसमध्ये २००५ पासून प्रायव्हसी सेवा वापरायलाच मनाई आहे. आकर्षक दिसतं म्हणून डॉट यूएस घेतलं आणि घरचा पत्ता भरला, तर तो पत्ता लपवायला कुठलंही बटण मिळत नाही.

म्हणून नाव पसंत पडलं की लगेच पैसे भरू नका. त्या शेपटाची रजिस्ट्री कोण, ती व्यक्तींची माहिती प्रसिद्ध करते का, प्रायव्हसी सेवेला परवानगी आहे का, हे तिच्या धोरणात वाचा. त्याच शेपटाची चारदोन चालू डोमेनं शोधून त्यांच्या नोंदी कशा दिसतात ते पाहिलं तर धोरणाच्या भाषेपेक्षा लवकर उलगडा होतो. ज्याला पत्ता लपवणं जिवावरचं आहे त्याने या पायरीवर तडजोड करू नये. आवडतं नाव गेलं तर गेलं.

तिसरी पायरी: कोणती माहिती द्यायची ते आधी तयार करा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

नाव. खरं नाव द्या. टोपणनावाने लिहिणाऱ्यांना हे जड जातं, पण डोमेनवर वाद झाला, खातं चोरीला गेलं, रजिस्ट्रारने ओळखपत्र मागितलं, तर कागदपत्रावरचं नाव आणि नोंदीतलं नाव जुळायला हवं. जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा माहितीबद्दल रजिस्ट्रारने विचारल्यावर १५ दिवसांपेक्षा जास्त काळ उत्तर दिलं नाही, तर डोमेन निलंबित किंवा रद्द करता येतं. हे करारातच लिहिलेलं असतं. कुणीतरी तुमच्यावर खार खाऊन असेल तर त्याला एवढंच करायचं असतं: नोंद खोटी असल्याची तक्रार. खोट्या पत्त्यामुळे तुम्ही शत्रूच्याच हातात कोलीत देता.

पत्ता. तुमच्यापर्यंत टपाल पोहोचेल असा, पण तुम्ही राहत नसलेला पत्ता शोधा. टपाल पेटी, टपाल स्वीकारून पुढे पाठवणारी सेवा, ऑफिस, सहकाऱ्यांसोबत घेतलेली जागा, वकिलाच्या परवानगीने त्याचं कार्यालय. प्रत्येक ठिकाणी पेटीचा पत्ता चालतोच असं नाही, म्हणून रजिस्ट्रारला आधी विचारा. नातेवाइकाचा पत्ता देणं मला पटत नाही. तुम्हाला शोधणारा माणूस मग त्यांच्या दारात उभा राहतो, आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते.

फोन. रोजचा नंबर देऊ नका. त्यावर बँकेचे संदेश येतात, खात्यांचे कोड येतात. तोच नंबर डोमेनशी जोडलेला आहे हे कळलं की सिम बदलून घेण्याची फसवणूक करणाऱ्याला आयतं लक्ष्य मिळतं. वेगळा, चालू असलेला आणि तुम्ही अधूनमधून तपासता असा नंबर ठेवा.

ईमेल. फक्त डोमेनांसाठी एक स्वतंत्र खातं उघडा. त्याच्या नावात तुमचं नाव, जन्मवर्ष, टोपणनाव यातलं काही नको. आणि ते खातं त्याच डोमेनवरचं नको. डोमेनची मुदत संपली किंवा नेमसर्व्हर बिघडला की त्यावरची ईमेल बंद पडते, आणि नेमकं तेव्हाच डोमेन परत मिळवण्याचे संदेश त्या पत्त्यावर येत असतात. घराची किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होतं ते. या स्वतंत्र खात्याला मजबूत पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी लावा. डोमेनचा ताबा शेवटी याच खात्यावर अवलंबून असतो.

चौथी पायरी: प्रायव्हसी सेवा घेताना करार वाचा

दोन वेगळ्या गोष्टींना सर्रास एकच नाव दिलं जातं. प्रायव्हसी सेवेत नोंदीवर मालक म्हणून नाव तुमचंच राहतं, फक्त संपर्काचे तपशील सेवेचे दिसतात. प्रॉक्सी सेवेत नोंदीवर मालक म्हणून ती सेवा कंपनीच असते आणि तुम्ही करारानुसार डोमेन वापरता. प्रॉक्सीमध्ये झाकण जास्त घट्ट, पण मालकीचा पुरावा तुमच्या आणि त्या कंपनीच्या करारात. कंपनी डबघाईला आली तर काय होतं याचा धडा २००७ मध्ये मिळाला. रजिस्टरफ्लाय या रजिस्ट्रारची मान्यता आयकॅनने तेव्हा काढून घेतली आणि हजारो लोकांची डोमेनं अधांतरी लटकली. ज्यांनी प्रायव्हसी सेवा घेतली होती त्यांची अडचण जास्त होती, कारण नोंदीत त्यांच्याऐवजी सेवेची माहिती होती. रजिस्ट्रारनी नोंदींची प्रत त्रयस्थाकडे जमा ठेवण्याची व्यवस्था त्यानंतर नेटाने उभी राहिली.

तेव्हा करार उघडा आणि या प्रश्नांची उत्तरं शोधा. नोंदीवर मालक कोण राहणार? टपाल आणि ईमेल तुमच्याकडे पुढे पाठवतात की टाकून देतात? तुमची ओळख कुणाला, कोणत्या कारणासाठी आणि तुम्हाला कळवून की न कळवता देणार? मुदत संपल्यावर सेवा चालू राहते की त्याच दिवशी पडदा उघडतो? डोमेन दुसरीकडे नेताना ती बंद करावी लागते का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. काही ठिकाणी स्थलांतरासाठी पडदा काढावा लागतो, आणि तेवढ्या काळात खरी माहिती उघडी पडली तर तिची नोंद घेणारे टपलेलेच असतात.

ओळख उघड होण्याबद्दल भ्रम नको. न्यायालयाचा आदेश आला तर सेवा माहिती देणारच. व्यापारचिन्हाच्या वादात आयकॅनच्या १९९९ पासूनच्या तंटा निवारण पद्धतीनुसार तक्रार दाखल झाली की मालकाचं नाव सहसा समोर येतं. प्रॉक्सीवाल्याला तर कायद्याने दाद मागता येईल अशा हानीचा रास्त पुरावा मिळाल्यावर सात दिवसांत खरा वापरकर्ता सांगावा लागतो, नाहीतर जबाबदारी त्याच्या अंगावर येते. थोडक्यात, ही सेवा कुतूहलाने डोकावणाऱ्यापासून, स्पॅमवाल्यापासून आणि पाठलाग करणाऱ्यापासून वाचवते. कायद्यापासून नाही, आणि तसं असणं बरोबरच आहे.

एक शंका नेहमी येते: रजिस्ट्रार आपणहून रकाने झाकतो तर प्रायव्हसी सेवा वेगळी कशाला? कारण आपणहून झाकणं हे रजिस्ट्रारच्या धोरणावर आणि लागू कायद्यावर अवलंबून असतं. ज्यांना जीडीपीआरसारखा कायदा लागू नाही अशांची माहिती काही रजिस्ट्रार झाकतात, काही नाही. शिवाय रास्त कारण सांगून कुणी माहिती मागितली तर झाकलेल्या रकान्यामागे तुमची खरी माहिती असते. प्रॉक्सीमागे आधी सेवेची असते. सेवा फुकट मिळत असेल, आणि अनेक ठिकाणी मिळते, तर ती न घेण्याचं कारण मला दिसत नाही.

सेवा डोमेन खरेदी करतानाच, त्याच व्यवहारात चालू करा. उद्या करू म्हणू नका.

पाचवी पायरी: नोंदणीनंतरचे पहिले दिवस

डोमेन घेतल्यावर पडताळणीचा ईमेल येतो. १५ दिवसांत त्याला प्रतिसाद दिला नाही तर रजिस्ट्रार डोमेन बंद ठेवू शकतो. नवी वेबसाइट अचानक बंद पडल्याच्या कितीतरी तक्रारींचं मूळ हेच असतं. नंतर दरवर्षी एकदा तुमची माहिती बरोबर आहे का हे तपासण्याची आठवण येते. मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा सूचना सर्वसाधारण डोमेनांसाठी नियमाने पाठवाव्या लागतात.

याच दिवसांत खोट्या पत्रांचाही मारा होतो. नव्या डोमेनांच्या याद्या दररोज बाहेर पडतात, कारण रजिस्ट्रींच्या झोन फाइल, म्हणजे त्या त्या शेपटाखालच्या चालू डोमेनांच्या याद्या, मागणाऱ्याला मिळू शकतात. त्यामुळे माहिती पूर्ण झाकली तरी नवं डोमेन नोंदवलं गेलंय हे कळतंच. उघडा ईमेल मिळाला तर वेबसाइट बनवून देतो, पहिल्या पानावर आणून देतो, अशी पत्रं येतात. आयकॅनच्या सुरक्षा आणि स्थैर्य सल्लागार समितीने २००७ मध्ये याचा अभ्यास केला होता. हूइजमध्ये दिसणाऱ्या पत्त्यांवर स्पॅम येतो आणि ते झाकले की तो खूप घटतो, असा तिचा निष्कर्ष होता.

सर्वांत धोकादायक असतं ते बिलासारखं दिसणारं पत्र. वर सरकारी थाटाचं बोधचिन्ह, मध्ये तुमचं डोमेन ठळक अक्षरांत, मुदत संपण्याची अगदी बरोबर तारीख, आणि खाली भरायची रक्कम. तारीख बरोबर आहे म्हणून माणूस विश्वास ठेवतो, पण ती तर सार्वजनिक नोंदीतच असते. बारीक अक्षरांत कुठेतरी लिहिलेलं असतं की हे बिल नाही, विनंती आहे. पैसे भरले की एकतर काहीच मिळत नाही, नाहीतर डोमेन दुसऱ्याच रजिस्ट्रारकडे चढ्या दराने जातं. सवय एकच लावा: पत्रातल्या किंवा ईमेलमधल्या दुव्यावरून कधीही नूतनीकरण करायचं नाही. रजिस्ट्रारचं पान स्वतः उघडायचं, लॉगिन करायचं, आणि तिथे दिसतं तेच खरं मानायचं. ऑफिसात बिलं भरणारा माणूस वेगळा असेल तर रजिस्ट्रारचं नाव त्याच्या टेबलावर लिहून ठेवा.

सहावी पायरी: नोंदीबाहेरच्या फटी

नोंद कडेकोट झाकली आणि ओळख भलतीकडूनच बाहेर पडली, असं वारंवार होतं.

पहिली फट डीएनएसमधली, म्हणजे डोमेनचं नाव सर्व्हरच्या पत्त्याशी जोडणाऱ्या यंत्रणेतली. तिथे प्रत्येक डोमेनच्या नोंदींच्या संचात एसओए नावाची एक नोंद असते. तिच्यात जबाबदार माणसाचा ईमेल लिहिलेला असतो, फक्त अ‍ॅट या चिन्हाच्या जागी टिंब असतं. स्वतःचा सर्व्हर बसवणारे तिथे सवयीने आपला रोजचा ईमेल टाकतात आणि विसरतात. डिग या आज्ञेने कुणीही तो क्षणात वाचू शकतो. तुमचा एसओए तपासा. डीएनएस मोठ्या सेवेकडे असेल तर तिथे बहुधा तिचाच सामायिक पत्ता असतो. स्वतःचा असेल तर त्याजागी फक्त डोमेनांसाठी उघडलेला ईमेल घाला.

दुसरी फट प्रमाणपत्रांची. साइटला कुलपाचं चिन्ह देणारं टीएलएस प्रमाणपत्र निघालं की त्याची नोंद सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक वह्यांत जाते. ही पद्धत २०१३ च्या आरएफसी ६९६२ मध्ये मांडली गेली. तिथून कुठलीही नोंद पुसता येत नाही. एकाच प्रमाणपत्रात तुमचं टोपणनावाचं डोमेन आणि खऱ्या नावाचं डोमेन एकत्र घातलं, तर दोघांचा मालक एक हे तिथे कायमचं लिहिलं गेलं. वेगवेगळी प्रमाणपत्रं काढा. उपडोमेनचं नावही तिथे दिसतं, म्हणून ग्राहकाचं किंवा नातेवाइकाचं नाव घालून उपडोमेन बनवू नका.

बाकीच्या फटी पटकन सांगतो. दोन साइट एकाच सर्व्हरच्या पत्त्यावर असतील, दोन्हींवर एकच अ‍ॅनालिटिक्सचा क्रमांक असेल, किंवा संपर्क पानावर तोच फोन असेल, तर जोडणी लावायला फार हुशारी लागत नाही. वेबसाइट प्रणालीने बनवलेलं लेखकाचं पान, फोटोंमध्ये दडलेलं ठिकाण, हेही एकदा बघून घ्या.

सातवी पायरी: जी माहिती आधीच बाहेर गेली तिचं काय

हूइजच्या जुन्या नोंदी वर्षानुवर्षं साठवून विकणाऱ्या कंपन्या आहेत. २०१८ च्या आधी तुम्ही घरचा पत्ता दिला असेल, किंवा पडदा एखाद्या दिवसापुरता उघडला असेल, तर ती नोंद त्यांच्याकडे असण्याची शक्यता धरा. आज रकाने झाकून ती पुसली जात नाही.

करता येतं ते एवढं. तुमचं नाव, जुना फोन आणि जुना ईमेल अवतरण चिन्हांत घालून शोधयंत्रात शोधा आणि कुठल्या संग्रहात ते येतात याची यादी करा. त्या प्रत्येकाच्या गोपनीयता धोरणात माहिती काढून टाकण्याची पद्धत दिलेली असते. तिच्याप्रमाणे लेखी मागणी करा. जीडीपीआर लागू होत असेल तर कलम १७ चा, म्हणजे माहिती पुसून मागण्याच्या हक्काचा, उल्लेख करा आणि पाठवलेल्या पत्रांची प्रत ठेवा. शोधयंत्रालाही निकालातून पत्ता, फोन काढण्याची विनंती करता येते. सगळीकडे यश येईल असं नाही. म्हणून जुना ईमेल आणि जुना फोन कुठल्याही महत्त्वाच्या खात्याशी जोडलेला ठेवू नका.

ज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे त्याला माझा सल्ला स्पष्ट आहे: जुन्या, इतिहास असलेल्या डोमेनवर पडदे टाकत बसण्यापेक्षा नवं डोमेन, नवा ईमेल, नवा पत्ता घेऊन सुरुवात करा. जुनं डोमेन मात्र लगेच सोडू नका. ते दुसऱ्याने घेतलं तर तुमच्या जुन्या ईमेल पत्त्यांवर येणारे सगळे संदेश, पासवर्ड बदलण्याचे दुवेसुद्धा, त्याच्याकडे जातील. आधी प्रत्येक खातं नव्या पत्त्यावर हलवा.

आणखी एक खबरदारी. नोंदीतलं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की सर्वसाधारण डोमेनवर स्थलांतरासाठी ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर माहिती आधी बदलायची की नंतर, हे त्यांना विचारूनच हात घाला.

दुसऱ्याची माहिती हवी असेल तर

कधी आपणच पलीकडच्या बाजूला असतो. तुमच्या दुकानाच्या नावाने कुणी बनावट साइट काढली, तर झाकलेल्या रकान्यांचा राग येणं स्वाभाविक आहे. पण बहुतेक वेळा मालकाचं नाव लागतच नाही, साइट बंद होणं पुरेसं असतं. त्यासाठी नोंदीत उघडाच असलेला रजिस्ट्रारचा तक्रारीचा ईमेल वापरा. साइटचा पूर्ण पत्ता, वेळेसह स्क्रीनशॉट आणि फसवणूक कशी होते याचं दोन ओळींत वर्णन द्या. हीच तक्रार साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग कंपनीलाही पाठवा.

ओळखच हवी असेल तर नोंदीतल्या फॉर्मवरून मालकाला संदेश पाठवता येतो, किंवा रजिस्ट्रारकडे कारण, कायदेशीर आधार आणि नेमका कोणता रकाना हवा हे लिहून मागणी करता येते. अशा मागण्या एका खिडकीतून पाठवता याव्यात म्हणून आयकॅनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आरडीआरएस ही सेवा प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. सहभागी रजिस्ट्रारपर्यंतच ती मागणी पोहोचते, आणि माहिती द्यायची की नाही हे रजिस्ट्रार दोन्ही बाजू तोलून ठरवतो. युरोपच्या एनआयएस २ या सायबर सुरक्षेच्या निर्देशातल्या कलम २८ ने रास्त मागणीला ७२ तासांत उत्तर देण्याची अपेक्षा ठेवली आहे, अर्थात उत्तर नकाराचंही असू शकतं.

शेवटची तपासणी

सगळं झाल्यावर खात्यात दुहेरी पडताळणी चालू आहे ना ते बघा. एसएमएसपेक्षा अ‍ॅप किंवा सुरक्षा किल्ली बरी. स्थलांतराचं कुलूप लावा, आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत तपासा. मग स्वतःच्या यंत्रावरून, लॉगिन न करता, डोमेन पुन्हा शोधा आणि त्या उत्तराची तारखेसह प्रत ठेवा. वर्षातून एकदा, आणि रजिस्ट्रार, होस्टिंग किंवा नेमसर्व्हर यातलं काहीही बदललं की लगेच, नवं उत्तर जुन्या प्रतीशी ताडून पाहा. सेवा एखाद्या नूतनीकरणात गुपचूप गळून पडली असेल तर ती अशीच सापडते.